सार्वजनिक वास्तूंतील चित्रीकरण : परवानगी कोणाची आणि कशासाठी?

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव छायाचित्रकाराला मोह पडावा असेच आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या या गावी योगेश्वरीचे मंदिर आहे, 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची समाधी आणि त्यांची सुप्रसिद्ध पासोडी आहे. यादव नृपती सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातील शिलालेख येथे आहेत. लोक ज्याला बाराखांबी म्हणतात त्या सकलेश्वर मंदिराचा शिलालेख इ. स. १२२८ चा आहे. गावालगतच्या खडकात कोरलेली लेणी अंगणातील दगडी हत्तींमुळे 'हत्तीखाना' या नावाने ओळखली जातात. निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभे राहिले.

पूर्वी चलच्चित्रण ही मोठ्या निर्मात्यांची बाब होती. आता भ्रमणध्वनीतही उत्तम कॅमेरा असल्यामुळे विवाहपूर्व चित्रफिती काढणारी जोडपी, लघुपट करणारे विद्यार्थी, वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी, मालिकांचे निर्माते अशा सर्वांचे पाय लेण्यांकडे, उद्यानांकडे आणि शासकीय इमारतींकडे वळू लागले आहेत. त्यांचे अर्ज येतात ते मुख्याधिकाऱ्यांकडे, तहसीलदारांकडे, मुख्याध्यापकांकडे किंवा सरपंचांकडे. पुष्कळदा अर्जही येत नाही, थेट माणसेच येतात. अशा वेळी काय करावे याविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात. एक अशी की, जागा सार्वजनिक असल्याने कोणालाही मुभा आहे. दुसरी अशी की, जागा शासकीय असल्याने सर्वांनाच मनाई आहे. या दोन्ही समजुती कायद्याला धरून नाहीत.

एकच कायदा नाही

चित्रीकरणाच्या परवानगीसाठी म्हणून देशात स्वतंत्र असा एक कायदा नाही. सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ याचा संबंध तयार झालेला चित्रपट लोकांना दाखविण्याशी आहे. प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र चित्रपट पूर्ण झाल्यानंतर मिळते, ते कोठे चित्रण करावे याचा परवाना नसते. तेव्हा चित्रीकरणाच्या परवानगीचा उगम अन्यत्र शोधावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा जागेच्या मालकीत सापडतो. ज्याच्या ताब्यात व व्यवस्थेत जागा, त्याची अनुमती, हा त्यातील साधा नियम होय.

अशी अनुमती म्हणजे भाडेपट्टा नव्हे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ५२ मध्ये 'लायसन्स' या संज्ञेची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या मिळकतीवर एखादी गोष्ट करण्याची, एरवी बेकायदेशीर ठरली असती अशी, मुभा म्हणजे लायसन्स. त्यातून मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. हा भेद समजून घेणे नगरपरिषदा व ग्रामपंचायतींच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण स्थावर मिळकत भाडेपट्ट्याने देण्यावर त्यांच्या अधिनियमांनी निर्बंध घातलेले आहेत. तीन दिवसांच्या चित्रीकरणासाठी 'करारनामा' म्हणून जो कागद निर्माते पुढे करतात, त्यात भाडेपट्ट्याची भाषा नाही ना, हे सही करण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

एका गावात अनेक व्यवस्था

अंबाजोगाईपुरते पाहिले तरी अर्धा दिवस फिरणाऱ्या चित्रीकरण पथकाला किती दारे ठोठवावी लागतील याची कल्पना येते. हत्तीखाना लेणी हे राज्य संरक्षित स्मारक असल्याने तेथील अधिकार पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. योगेश्वरी मंदिरासाठी देवस्थानच्या विश्वस्तांची अनुमती. सार्वजनिक उद्यान व सभागृह नगरपरिषदेच्या अखत्यारीत. शासकीय विश्रामगृह सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रुग्णालयासाठी वैद्यकीय शिक्षण विभागाच्या यंत्रणेतून अधिष्ठात्यांकडे. तालुक्यातील घाटनांदूरच्या फलाटावर एक प्रसंग टिपायचा झाला तर दक्षिण मध्य रेल्वेकडे. घाटातील जमीन वनखात्याची असेल तर वनाधिकाऱ्यांकडे. आणि या सर्वांना जोडणाऱ्या रस्त्यांवर वाहतूक अडणार असेल तर पोलिसांकडे.

यापैकी एका कार्यालयाची अनुमती दुसऱ्याला बंधनकारक नसते. पोलीस ठाण्याने दिलेले ना-हरकत पत्र हे वाहतूक व सुव्यवस्थेपुरते असते. ते दाखवून लेण्यात प्रवेश मागता येत नाही. तसेच संचालनालयाचे पत्र हाती असले तरी रस्त्यावर जनित्राची गाडी उभी करण्याचा हक्क मिळत नाही. अर्जदाराची खरी अडचण येथे असते. कोणाकडे जावे हेच त्याला ठाऊक नसते, आणि कधी कधी कार्यालयालाही ते नीट ठाऊक नसते. 'हे आमच्याकडे नाही' एवढे सांगून अर्जदाराला परत पाठविण्यापेक्षा 'हे अमुक कार्यालयाकडे आहे' असे अर्जावरच लिहून देण्याची पद्धत पडली, तर त्याचे निम्मे हेलपाटे वाचतील.

हेलपाटे कमी व्हावेत या हेतूनेच राज्यात एक खिडकी पद्धत स्वीकारण्यात आली आहे. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या फिल्म सेलमार्फत संगणकीय अर्ज घेऊन ते संबंधित विभागांकडे पाठविण्याची ही व्यवस्था आहे. परदेशी निर्मात्यांसाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये चित्रपट सुविधा कार्यालय सुरू केले. मात्र खिडकी एक झाली तरी खिडकीमागचे अधिकारी अनेकच राहतात. अर्ज महामंडळाकडून आला म्हणून स्थानिक कार्यालयाने जागेची पाहणी टाळणे योग्य होणार नाही.

संरक्षित स्मारके : बंधनांमागील कारणे

सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते ती संरक्षित स्मारकांच्या बाबतीत. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके केंद्राच्या १९५८ च्या अधिनियमाखाली येतात, तर राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम लागू आहे. राज्याच्या अधिनियमाची रचना बव्हंशी केंद्राच्याच धर्तीवर आहे. म्हणून केंद्राचे १९५९ चे नियम पाहिले म्हणजे या विषयातील विचार स्पष्ट होतो.

या नियमांनी 'प्रतिकृती घेणे' आणि 'चित्रीकरण' यांत फरक केला. रेखाटन, छायाचित्र, तसेच आठ मिलिमीटरपर्यंतच्या फितीच्या, हातात धरून वापरावयाच्या व तिवई न लागणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेले चलच्चित्र हे पहिल्या प्रकारात धरले गेले. त्याहून मोठी सिद्धता लागणारे ते चित्रीकरण, आणि त्याला परवाना आवश्यक. आठ मिलिमीटरच्या फिती आता संग्रहालयांतच पाहावयास मिळतात, पण त्या कसोटीमागील तत्त्व जुने झालेले नाही. सामान्य पर्यटक हातातील यंत्राने जे टिपतो त्याने वास्तूला इजा होत नाही. तिवई, फळ्या, रुळांवरील ट्रॉली, दिवे, तारा आणि पन्नास माणसे आली म्हणजे धोका सुरू होतो. २०१८ मध्ये केंद्राच्या संरक्षित स्मारकांत छायाचित्रणावरील बंदी सर्वसाधारणपणे उठविण्यात आली, तेव्हाही अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील कबरीचा भाग यांचा अपवाद कायम ठेवण्यात आला. अजिंठ्याचा अपवाद का, हे मराठवाड्यातील शिक्षकांना विद्यार्थ्यांपुढे सांगावे लागतेच.

परवान्याच्या अटीही बोलक्या आहेत. स्मारकाच्या किंवा त्याच्या हिरवळीच्या कोणत्याही भागाला धोका पोहोचेल असे काही करू नये. ज्या भागासाठी परवाना, त्याच भागात काम करावे. दगडावर पाणी, तेल, वंगण असा कोणताही पदार्थ लावू नये. जनित्र वास्तूपासून दूर ठेवावे. स्मारक पाहावयास आलेल्यांची वाट अडवू नये. छताखालील अंतर्भागाचे चित्रण, त्या स्मारकाचीच माहिती लोकांना देण्याचा हेतू असल्याखेरीज, करू देऊ नये. मूळ नियमांत अर्ज तीन महिने आधी करण्याची अट होती. ती निर्मात्यांना जाचक वाटे, परंतु तज्ज्ञाने जागेवर येऊन पाहणी करावयाची तर वेळ लागतोच.

या अटी कागदी नाहीत. दगड ओला केला की तो कॅमेऱ्यात गडद व उठावदार दिसतो, म्हणून छायाचित्रकारांना पाणी मारण्याचा मोह होतो. शिलालेखाची अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरण्याची खोड तर जुनीच आहे. झिजलेल्या दगडात पाणी मुरते, क्षार वर येतात, पापुद्रे सुटतात. शके ११५० मध्ये कोरलेले अक्षर एकदा झडले म्हणजे ते परत मिळण्याचा मार्ग नाही. सकलेश्वर मंदिराच्या परिसरात राज्य पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात आणखी मंदिरांच्या पायांचे अवशेष मिळाल्याचे २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. जमिनीखाली काय आहे हे अद्याप पुरते उलगडलेले नसताना तेथे खुंट ठोकून मांडव उभारणे किती अविचाराचे ठरेल, हे निराळे सांगावयास नको.

पासोडीचे उदाहरण याहून नाजूक आहे. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर दासोपंतांनी लिहिलेला हा ग्रंथ चारशे वर्षांहून जुना आहे. कापड, शाई व रंग यांची प्रकाशामुळे होणारी हानी साचत जाते. एकदा पडलेल्या प्रखर उजेडाचा परिणाम नंतर अंधारात ठेवल्याने भरून येत नाही. वस्त्रांसाठी संग्रहालयात सुमारे ५० लक्स एवढाच प्रकाश योग्य मानतात. चित्रीकरणाचे दिवे याच्या कितीतरी पट प्रखर असतात, आणि जुन्या पद्धतीचे दिवे उष्णताही देतात. अशा वस्तूचे चित्रण करावयाचेच असेल तर ते एकदाच, कमी प्रकाशात, जाणकाराच्या उपस्थितीत करून त्याची प्रत अभ्यासकांसाठी राखून ठेवावी, आणि पुढील प्रत्येक अर्जदाराला तीच प्रत द्यावी. सर्वांच्या सोयीचा मार्ग हाच दिसतो.

दुर्लक्षाची किंमत काय पडते हे २००९ मध्ये राजस्थानातील आमेरच्या किल्ल्यात दिसून आले. तेथील एका चित्रपटाच्या कामात वास्तूला इजा झाल्याच्या तक्रारी झाल्या आणि राजस्थान उच्च न्यायालयाला चित्रीकरण थांबवावे लागले. परवानगी तेथेही घेतलेली होती. तिच्या अटी पाळल्या जात आहेत की नाहीत हे पाहण्याची व्यवस्था मात्र अपुरी पडली.

याचा अर्थ चित्रीकरणाला दार बंद करावे असा नाही. वाईजवळील मेणवलीचा घाट अनेक चित्रपटांतून देशभर पोहोचला. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटातील गाव पुष्कळसे तेथलेच आहे. १९७९ च्या 'सिंहासन'साठी मंत्रालयाच्या इमारतीतही चित्रण झाले होते. चित्रीकरणाने गावाला काही दिवसांचे काम मिळते, वाहने, भोजन, निवास यांतून पैसा येतो, आणि प्रवाशांचे पाय त्या ठिकाणी वळू लागतात. अंबाजोगाईसारख्या गावाला याची गरज आहेच.

उद्याने, रस्ते आणि आकाश

उद्यानाच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे. नागरिकाने बाकावर बसून मुलांचे छायाचित्र घेणे आणि एखाद्या पथकाने उद्यानाचा भाग दोरी लावून अडविणे यांतील फरक कोणालाही कळतो. पहिल्याला परवानगी मागणे हा उपद्रव होय. दुसऱ्यासाठी नगरपरिषदेने ठरावाद्वारे दर, अनामत व वेळा ठरवून त्या फलकावर लावाव्यात. दर ठरलेले नसले की प्रत्येक अर्जाला वेगळा आकार लावला जातो आणि त्यातून नको त्या चर्चेला तोंड फुटते. पावती नगरपरिषदेच्या नावाचीच द्यावी, हे वेगळे लिहिण्याची वेळ येऊ नये.

उद्यानात पुतळा असेल तर शिल्पकाराच्या हक्काचे काय, अशी शंका काही वेळा विचारली जाते. प्रतिलिपी-अधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या कलाकृतीचा चित्रपटात समावेश केल्याने त्या हक्काचा भंग होत नाही.

ध्वनिक्षेपकांवर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव असतो. त्या दिवसांत दूरवरून भाविक येतात. तेव्हा मंदिरालगतच्या रस्त्यावर चित्रीकरणाला तारीख देताना पंचांग पाहिलेले बरे.

ड्रोनसाठी केंद्राचे २०२१ चे नियम आहेत. आकाशाची हिरवी, पिवळी व लाल अशी विभागणी करण्यात आली असून हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र यंत्राची नोंदणी आवश्यक आहे, आणि २५० ग्रॅमपर्यंतच्या लहान यंत्रांचा अपवाद सोडल्यास व्यावसायिक वापरासाठी चालकाकडे प्रमाणपत्र असावे लागते. आकाश मोकळे असले तरी खालच्या वास्तूचे व्यवस्थापन आपल्या अटी घालू शकते. अभयारण्यांच्या बाबतीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची अनुमती घ्यावी लागते. बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्याला हेच लागू आहे.

शाळा, मुले आणि रुग्ण

ग्रामीण भागात चित्रीकरणासाठी सर्वांत आधी मागणी येते ती शाळेच्या इमारतीची. जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत मुख्याध्यापकाची नसते आणि सरपंचाचीही नसते. तेव्हा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जाणे इष्ट, आणि शाळा व्यवस्थापन समितीलाही त्याची माहिती असावी. चित्रण सुटीच्या दिवशी व्हावे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे, हेही येथे लक्षात ठेवावे.

वर्गातील मुलांना घेऊन प्रसंग करावयाचा असेल तर प्रश्न इमारतीपुरता राहत नाही. बालकामगारविषयक नियमांत २०१७ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार बालकलाकार घेणाऱ्या निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेतली पाहिजे. मुलाचे काम दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक नसावे, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नसावे, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काळ त्याला कामावर ठेवू नये, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती असावी, आणि मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत जमा करावी, अशा तरतुदी आहेत. गावातील मुलांना 'फुकट हौस' म्हणून दिवसभर उन्हात उभे केले जाते, तेव्हा हे नियम कोणाला आठवत नाहीत. ते आठवून देण्याचे काम शिक्षकच करू शकतात.

रुग्णालयात अधिष्ठात्यांची अनुमती मिळाली तरी रुग्णाची संमती निराळी घ्यावी लागते. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभी असलेली बाई कोणत्या आजारासाठी आली आहे हे चित्रफितीतून गावाला कळणे, ही तिची होणारी हानी अनामत रकमेतून भरून येण्यासारखी नाही.

नागरिकाचा कॅमेरा

निर्मात्यांच्या चित्रीकरणाहून पूर्णपणे वेगळा असा आणखी एक प्रकार आहे. शासकीय कार्यालयात आपल्या कामासाठी आलेला नागरिक भ्रमणध्वनीवर चित्रण करू लागतो तेव्हा पुष्कळ कार्यालयांत वाद होतात. काही ठिकाणी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ याचा धाक घातला जातो. या अधिनियमात 'निषिद्ध स्थान' याची व्याख्या दिलेली आहे. पोलीस ठाणे त्या व्याख्येत बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्धा येथील एका प्रकरणात स्पष्ट केले आणि ठाण्यात चित्रण केल्याबद्दल त्या अधिनियमाखाली नोंदविलेला गुन्हा रद्द केला. जे पोलीस ठाण्याला लागू नाही ते ग्रामपंचायतीच्या किंवा तहसीलच्या कार्यालयाला कसे लागू व्हावे?

अर्थात चित्रणाच्या निमित्ताने कामात अडथळा आणणे, दुसऱ्या अर्जदाराची खासगी कागदपत्रे टिपणे, महिला कर्मचाऱ्यांना त्रास देणे यांना संरक्षण नाही. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र कलमे आहेत. परंतु नुसता कॅमेरा उचलणे म्हणजे अडथळा होत नाही. 'चित्रीकरणास मनाई' असा फलक लावण्यापूर्वी तो कोणत्या नियमान्वये लावला आहे, हे कार्यालयाला सांगता आले पाहिजे.

अर्ज आणि त्यानंतर

अर्जात निर्मात्याचे नाव व पत्ता, चित्रणाचा हेतू, प्रसंगाचा थोडक्यात आशय, नेमका भाग, दिनांक व वेळ, माणसांची संख्या, वाहने, दिवे, जनित्र, ड्रोन, प्राणी, आग किंवा धुराचा वापर यांची माहिती मागवावी. संपूर्ण पटकथा मागण्याचे कारण नाही. मजकुराचे परीक्षण हे उद्यान अधीक्षकाचे काम नव्हे. बैल, घोडे असे प्राणी वापरावयाचे असल्यास प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी निर्मात्याला घ्यावी लागते, तिची प्रत जोडून घ्यावी. नकार द्यावयाचा असल्यास कारण लेखी द्यावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याखाली जी सेवा अधिसूचित झालेली असेल तिच्यासाठी मुदत ठरलेली असते आणि अर्जदाराला अपिलाचा हक्कही असतो.

शुल्क आणि अनामत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शुल्क जमा होते, अनामत परत करावयाची असते. अनामतीतून कपात करावयाची तर जागेची आधीची स्थिती लेखी असावी लागते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी जागेचा पंचनामा करून काही छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि पथक निघण्यापूर्वी त्याच ठिकाणांची छायाचित्रे पुन्हा घ्यावीत. कार्यालयाचा एक जबाबदार कर्मचारी पूर्ण वेळ जागेवर हवा, आणि अटीचा भंग होताच काम थांबविण्याचा अधिकार त्याला आदेशातच लेखी दिलेला असावा. खिळे, दोऱ्या, प्लास्टिक व उष्ट्या पत्रावळी उचलून जागा ताब्यात मिळाल्यावर दुसऱ्या पंचनाम्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात आणि अनामत विनाविलंब परत करावी.